सिमलिंक हाताने नको, यादीतून: सॉफ्टवेअर वितरण बांधणाऱ्या नवख्यांसाठी

टेक लाइव्ह (टेक या अक्षरजुळणी प्रणालीचं सॉफ्टवेअर वितरण) बसवलेल्या लिनक्स मशिनवर त्याचं बिन फोल्डर उघडा आणि ‘एलएस -एल’ चालवा. लेटेक्सएमके या नावापुढे एक बाण दिसेल आणि बाणाच्या पलीकडे हा पाथ:

../../टेक्सएमएफ-डिस्ट/स्क्रिप्ट्स/लेटेक्सएमके/लेटेक्सएमके.पीएल

म्हणजे तुम्ही रोज चालवता ती कमांड या फोल्डरमध्ये नाहीच. इथे आहे ती नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलचा पाथ सांगणारी खूण, आणि खरी पर्ल स्क्रिप्ट दोन पायऱ्या वर चढून दुसऱ्या फांदीत बसली आहे. टेक्सडॉकचं तेच, टेक लाइव्हची पॅकेजं सांभाळणाऱ्या टीएलएमजीआरचंही तेच. वितरण बांधायच्या कामात नवीन आलेल्या माणसाला हे आधी उगाच केलेलं अवघड काम वाटतं. स्क्रिप्ट सरळ बिनमध्येच का ठेवत नाहीत?

कारणं दोन आहेत आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिलं, स्क्रिप्टला प्रोसेसर कुठला याच्याशी देणंघेणं नसतं. इंटेलसाठी एक बिन, एआरएमसाठी दुसरं, मॅकसाठी तिसरं असं असलं तरी पर्लची फाइल एकच पुरते. ती एका जागी ठेवायची आणि प्रत्येक बिनमधून तिच्याकडे बोट दाखवायचं. दुसरं कारण नावाचं. स्क्रिप्टच्या नावात ‘.पीएल’ किंवा ‘.एसएच’ असतं, पण कमांडच्या नावात ते नसतं. उद्या लेखकाने शेलमधली स्क्रिप्ट पर्लमध्ये नव्याने लिहिली, तर आतली फाइल बदलेल आणि लिंक नव्या फाइलकडे वळेल. वापरणाऱ्याच्या बोटांना सवय झालेली कमांड मात्र तीच राहील.

या लेखात वितरणातल्या अशा लिंक्स बनवायच्या कशा, तपासायच्या कशा आणि अपडेटच्या वेळी सांभाळायच्या कशा, हे क्रमाने सांगतो. कमांड्स आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.

पायरी १: लिंकच्या पोटात काय आहे ते स्वतः बघा

सिमलिंक ही एक छोटी फाइल आहे आणि तिच्या पोटात एका पाथचा मजकूर असतो. बस, एवढंच. युनिक्सच्या जगात ती १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर रुळली, आणि तेव्हापासून तिचा स्वभाव तोच आहे: जो मजकूर लिहिलाय तो सांभाळायचा, पलीकडे कुणी आहे की नाही याची चौकशी करायची नाही. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर हा मजकूर ६० बाइटपेक्षा छोटा असेल तर त्याला डिस्कवर वेगळी जागाही लागत नाही, तो आयनोडमध्येच (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) मावतो.

हा स्वभाव हाताखालून गेल्याशिवाय पुढचं काही पक्कं होत नाही, म्हणून पाच मिनिटं हा प्रयोग कराच. ‘प्रयोग’ नावाचं फोल्डर बनवा. त्यात ‘बिन’ आणि ‘स्क्रिप्ट्स’ अशी दोन फोल्डर बनवा. स्क्रिप्ट्समध्ये ‘मोज.एसएच’ नावाची दोन ओळींची शेल स्क्रिप्ट लिहा आणि तिला चालवायची परवानगी द्या. आता ‘प्रयोग’मध्ये उभं राहून सगळे पहिल्यांदा लिहितात तेच लिहा:

एलएन -एस स्क्रिप्ट्स/मोज.एसएच बिन/मोज

एरर येत नाही. लिंक तयार होते. ‘बिन/मोज’ चालवा, आणि उत्तर येतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! पण लिंकमधला पाथ तुम्ही कुठे उभे आहात तिथून मोजला जात नाही, लिंक स्वतः जिथे आहे तिथून मोजला जातो. लिंक आहे बिनमध्ये, त्यामुळे सिस्टिम ‘बिन/स्क्रिप्ट्स/मोज.एसएच’ शोधत बसली, आणि तसं काही नाही. बरोबर मजकूर हा:

एलएन -एस ../स्क्रिप्ट्स/मोज.एसएच बिन/मोज

आधीची चुकीची लिंक काढून मगच ही बनवा, नाहीतर ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणून कमांड अडेल. नेहमी मनाने लिंकच्या फोल्डरमध्ये जाऊन उभं राहायचं आणि तिथून पाथ वाचायचा. बिल्ड स्क्रिप्टमध्ये तर मी खरोखरच ‘सीडी’ करून बिनमध्ये जातो आणि तिथे लिंक बनवतो, म्हणजे जे लिहिलंय ते जसंच्या तसं पडताळता येतं. ग्नूच्या एलएनला ‘-आर’ दिलं की सापेक्ष पाथ (लिंकच्या जागेपासून मोजलेला) ती स्वतः काढते. सोय छान आहे, पण मॅकच्या एलएनमध्ये हा पर्याय नाही. वितरण अनेक सिस्टिमवर बांधलं जाणार असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

लिंकचा मजकूर वाचायला ‘रीडलिंक’, आणि सगळ्या लिंक्स उलगडून शेवटचा खरा पाथ हवा असेल तर ‘रिअलपाथ’. या दोन कमांड्समधला फरक पुढे वारंवार उपयोगी पडेल.

पायरी २: सापेक्ष की पूर्ण, हे एकदाच ठरवा

वितरण स्वतःच्या एका फोल्डरमध्ये राहणार असेल, जसं टेक लाइव्ह /यूएसआर/लोकल/टेक्सलाइव्ह/२०२४ अशा वर्षाच्या फोल्डरमध्ये राहतं, तर आतल्या सगळ्या लिंक्स सापेक्ष ठेवा. वापरणारा ते फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर नेईल, पेन ड्राइव्हवर टाकेल, नेटवर्कवरून दुसऱ्याच नावाने माउंट करेल. सापेक्ष लिंक्स सगळीकडे चालतात, पूर्ण पाथच्या (तिरक्या रेषेने, म्हणजे मुळापासून सुरू होणाऱ्या) लिंक्स पहिल्याच मुक्कामाला तुटतात.

संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज बांधत असाल तर नियम थोडा वेगळा आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात तो स्पष्ट लिहिला आहे: लिंक आणि तिचं टार्गेट (ती जिकडे बोट दाखवते ती फाइल) एकाच मुख्य फोल्डरखाली असतील, समजा दोन्ही /यूएसआर खाली, तर सापेक्ष, एक /ईटीसी मध्ये आणि दुसरं /यूएसआर मध्ये असेल तर पूर्ण. यामागचा विचार व्यवहारी आहे. एखादा ॲडमिन /व्हीएआर हे अख्खं फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी लिंक ठेवतो. मग तिथून ‘../../’ करत वर चढलं की माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो.

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येकाकडून एकदा होते. बिल्ड करताना फाइली थेट खऱ्या जागी न टाकता आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये रचतात. मेकफाइलमध्ये त्या फोल्डरचा पाथ ‘डेस्टडीर’ या व्हेरिएबलमधून येतो. फाइल कॉपी करताना डेस्टडीर पुढे जोडायचा असतो. मी तो लिंकच्या टार्गेटलाही जोडला. परिणामी प्रत्येक लिंकच्या पोटात माझ्या होम फोल्डरमधला बिल्डचा पाथ जाऊन बसला. मी आर्काइव्ह दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडून तपासलं, सगळ्या कमांड्स चालल्या, रिलीझ केलं. चालल्या कारण माझ्या मशिनवर ते बिल्ड फोल्डर अजून तसंच होतं! वापरणाऱ्यांकडे एकही कमांड चालेना. एकाने ‘एलएस -एल’चं आउटपुट पाठवलं आणि त्यात प्रत्येक ओळीत बाणापुढे माझंच युजरनेम होतं. ते आउटपुट वाचतानाचा क्षण मला अजून आठवतो.

तेव्हापासून दोन गोष्टी कधी चुकवत नाही. लिंक कुठे बनवायची त्या पाथमध्ये डेस्टडीर येतो, लिंकमध्ये काय लिहायचं त्यात तो कधीच येत नाही. आणि तपासणीआधी बिल्डचं फोल्डर दुसऱ्या नावाने हलवून ठेवतो, म्हणजे लिंक चोरून तिकडे जाऊ शकत नाही.

पायरी ३: यादी बनवा, आणि यादीलाच मालक माना

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कुठली लिंक कुठल्या स्क्रिप्टकडे जाते हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं आणि लिंक्स फक्त त्या फाइलवरून बनवायच्या. बिनमध्ये जाऊन हाताने एकही लिंक करायची नाही, ‘आत्ता घाईत एवढीच करतो, नंतर यादीत टाकतो’ म्हणूनसुद्धा नाही. हाताने केलेली लिंक पुढच्या बिल्डमध्ये गायब होते. किंवा त्याहून वाईट, उरते आणि कुणी केली, का केली हे कुणालाच सांगता येत नाही.

टेक लाइव्हच्या सोर्समध्येही असंच आहे. तिथे ‘लिंक्ड स्क्रिप्ट्स’ नावाचं एक फोल्डर आहे आणि लिंक कराव्या लागणाऱ्या स्क्रिप्ट्सची यादी एका फाइलमध्ये ठेवलेली आहे. तुमची यादी अशी असू शकते, प्रत्येक ओळीत आधी कमांडचं नाव आणि मग टार्गेट:

मोज ../स्क्रिप्ट्स/मोज/मोज.एसएच
जुळव ../स्क्रिप्ट्स/जुळव/जुळव.पीएल
कडक-जुळव जुळव

बहुतेक ओळींमध्ये नाव म्हणजे स्क्रिप्टचंच नाव, शेपूट काढून. त्यामुळे पहिला स्तंभ आपोआप काढावा असा मोह होतो. मी तरी तो स्पष्ट लिहितो, कारण अपवाद येतातच. वरची तिसरी ओळ पाहा, ती एका लिंकवरून दुसऱ्या लिंककडे जाते. टेक लाइव्हमध्ये याचं खरं उदाहरण आहे: ‘आरईपीएसटूपीडीएफ’ ही कमांड म्हणजे ‘ईपीएसटूपीडीएफ’कडे जाणारी लिंक. स्क्रिप्ट एकच, पण आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली हे ती पाहते, आणि ‘आर’वाल्या नावाने बोलावलं की मर्यादित, सुरक्षित रीतीने चालते. ही ओळ यादीतून गळली तर नुसती एक कमांड जात नाही, सुरक्षेची एक कडी जाते.

ही यादी गिटमध्ये ठेवा. मग कुठली लिंक कधी आली, कुणी घातली, हे एका कमांडमध्ये कळतं. यादी वाचताना दोन तपासण्या आपोआप होऊ द्या: एकच नाव दोनदा आलंय का, आणि नाव सिस्टिमच्या एखाद्या नेहमीच्या कमांडशी भिडतंय का. ‘टेस्ट’ किंवा ‘इन्स्टॉल’ या नावाची लिंक शेल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत (‘पाथ’ व्हेरिएबलमध्ये) पुढे येऊन बसली तर दुसऱ्याच कुणाच्या तरी बिल्ड मोडतात आणि शोध घेणारा दिवसभर चाचपडतो.

पायरी ४: स्क्रिप्टला स्वतःचं घर सापडतंय का?

लिंक बरोबर, परवानगी बरोबर, तरी कमांड चालत नाही, असं झालं तर बहुधा दोष इथे असतो. स्क्रिप्टला शेजारची मदतीची फाइल लागते आणि ती शोधायला ती स्वतःचा पाथ बघते. शेलमध्ये हा पाथ डॉलर-शून्य या व्हेरिएबलमध्ये मिळतो. पण लिंकवरून बोलावलं तर त्यात लिंकचा पाथ येतो, स्क्रिप्टचा नाही. मग ‘डीरनेम’ काढलं की बिन मिळतं, आणि शेजारची फाइल बिनमध्ये कुठून असणार?

शेलमध्ये उपाय म्हणजे डॉलर-शून्यवर आधी ‘रीडलिंक -एफ’ चालवायचं आणि मग डीरनेम काढायचं. मॅकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये रीडलिंकला ‘-एफ’ कळत नाही. त्या सांभाळायच्या असतील तर एकेक लिंक उलगडत जाणारा छोटा लूप लिहावा लागतो. पर्लमध्ये ‘फाइंडबिन’ मॉड्यूल दोन उत्तरं देतं: ‘बिन’ म्हणजे जिथून बोलावलं ती जागा आणि ‘रिअलबिन’ म्हणजे लिंक उलगडून मिळालेली खरी जागा. वितरणाच्या स्क्रिप्टला जवळजवळ नेहमी ‘रिअलबिन’ हवं असतं. पायथनमध्ये मॉड्यूल शोधण्याच्या यादीतली पहिली जागा लिंक उलगडूनच ठरते, त्यामुळे शेजारचं मॉड्यूल इम्पोर्ट होतं. पण तुम्ही स्वतः ‘फाइल’ (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या) व्हेरिएबलवरून पाथ जोडत असाल तर तो उलगडलेला नसतो. इम्पोर्ट चालतो आणि डेटाची फाइल सापडत नाही, अशा कोड्यात टाकणाऱ्या तक्रारीमागे हेच असतं.

उलगडताना एक काळजी घ्या. ज्या स्क्रिप्टचं वागणं नावावर अवलंबून आहे, तिचं नाव उलगडण्याआधी वाचून ठेवा. बिझीबॉक्समध्ये एकच प्रोग्राम एलएस, सीपी, ग्रेप अशा पुष्कळ नावांनी चालतो तो याच नावाच्या जोरावर. आधी उलगडलंत तर हाकेचं नाव हातचं गेलं. नाव लिंकवरून, घर खऱ्या पाथवरून: हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी घ्यायची.

पायरी ५: पॅक करण्याआधीची झडती

फोल्डरांचं सगळं ट्री रचून झालं की ‘फाइंड . -एक्सटाइप एल’ चालवा. ग्नूच्या फाइंडमध्ये हे फक्त तुटलेल्या लिंक्स दाखवतं. इतर सिस्टिमवर ‘फाइंड -एल . -टाइप एल’ तेच काम करतं, त्यातलं पहिलं एल कॅपिटल. आउटपुट रिकामं आलं पाहिजे. एकही ओळ आली तर बिल्ड तिथेच थांबवा, इशारा छापून पुढे जाऊ देऊ नका. इशारे कुणी वाचत नाही. त्यानंतर प्रत्येक लिंकचा मजकूर तिरक्या रेषेने सुरू होत नाही ना, टार्गेटला चालवायची परवानगी आहे ना, आणि पहिल्या ओळीत इंटरप्रिटर नीट लिहिलाय ना, हे पाहा. लिंकची स्वतःची परवानगी लिनक्सवर नेहमी सगळ्यांना सगळं अशीच दिसते आणि तिला अर्थ नसतो. परवानगी चालते ती टार्गेटची, तेव्हा ‘सीएचमॉड’चा उपयोग तिथेच आहे.

मग उलट्या बाजूनेही मोजा. यादीतली प्रत्येक ओळ बिनमध्ये आहे का, आणि बिनमधली प्रत्येक लिंक यादीत आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात.

पॅकिंगमध्ये अवजारांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. टार लिंकला लिंक म्हणूनच ठेवतं. ‘-एच’ दिलं तर मात्र तिच्या जागी खऱ्या फाइलची प्रत भरतं. झिप याच्या उलट: ‘-वाय’ दिलं नाही तर प्रत. ‘इन्स्टॉल’ ही कमांड लिंकमागे जाऊन मजकूरच कॉपी करते, म्हणून लिंक बसवायला ती वापरू नका. आरसिंकला ‘-ए’ दिलं की लिंक्स लिंक्सच राहतात. आणि ‘सेड -आय’ पासून फार जपा. रिलीझच्या आधी सगळ्या फाइलींतला आवृत्तीचा आकडा बदलायला कुणीतरी बिनवरून सेड फिरवतं, आणि सेड लिंकच्या जागी नवी साधी फाइल ठेवून मोकळं होतं. खरी स्क्रिप्ट जुनीच राहते. चालवून पाहिलं तर नवा आकडा दिसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. पुढच्या अपडेटला स्क्रिप्ट बदलते, कमांड मात्र जुनंच वागते. सेड खऱ्या फाइलींवर चालवा, बिनवर नाही.

विंडोजसाठीही बांधायचं असेल तर तिथे सिमलिंकच्या नादी लागू नका. गिट लिंक साठवतं ते १२०००० असा मोड लावून, पण विंडोजवर लिंकची सोय बंद असेल तर चेकआउटमध्ये त्या जागी पाथचा मजकूर असलेली साधी टेक्स्ट फाइल येते. टेक लाइव्हने तिथे वेगळीच वाट धरली: ‘रनस्क्रिप्ट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, प्रत्येक कमांडच्या नावाने त्याची प्रत ठेवतात, आणि तो स्वतःचं नाव पाहून योग्य ती स्क्रिप्ट शोधून चालवतो. तुमच्याकडे यादी असेल तर या प्रतीही तिच्यावरूनच निघतात.

पायरी ६: अपडेट

खरा कस इथे लागतो. नवीन लिंक घालणं सोपं आहे. जुनी काढणं अवघड.

समजा जुन्या आवृत्तीत ‘जुळव’ होती आणि नव्या आवृत्तीत लेखकाने तिचं नाव ‘मिळव’ केलं. अपडेट करणारी स्क्रिप्ट फक्त नवी यादी वाचत असेल तर ती ‘मिळव’ बनवेल, जुळव.पीएल काढून टाकेल आणि ‘जुळव’ ही लिंक तशीच लटकत राहील. म्हणून बसवलेल्या आवृत्तीची यादी वापरणाऱ्याच्या मशिनवर जपून ठेवायची. अपडेटला जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर धरायची. जुनीत आहे आणि नवीत नाही, ते काढायचं. नवीत आहे आणि जुनीत नाही, ते बनवायचं. दोन्हीत आहे पण टार्गेट वेगळं, ते बदलायचं.

क्रम असा ठेवा: आधी नव्या स्क्रिप्ट्स जागेवर, मग नव्या आणि बदललेल्या लिंक्स, मग जुन्या लिंक्स काढा, सगळ्यात शेवटी जुन्या स्क्रिप्ट्स काढा. मध्येच वीज गेली तरी कुठल्याही क्षणी एकही लिंक हवेत लोंबकळत नाही.

काढताना हक्क तपासा. त्या नावाची वस्तू अजूनही लिंकच आहे का? तिचा मजकूर आपण लिहिलेलाच आहे का? दोन्हींना हो आलं तरच काढा. वापरणाऱ्याने त्याच नावाने स्वतःची स्क्रिप्ट ठेवली असेल तर ती त्याची आहे, आपण तिला हात लावायचा नाही, फक्त कळवायचं. हे तपासताना ‘टेस्ट -ई’ वापरू नका. ती लिंकमागे जाऊन पाहते, त्यामुळे तुटलेल्या लिंकला ‘नाही’ म्हणते. मग स्क्रिप्ट लिंक बनवायला जाते आणि ‘फाइल एक्झिस्ट्स’ असं उत्तर मिळतं. लिंक आहे की नाही विचारायला ‘टेस्ट -एल’, त्यातलं एल कॅपिटल.

आता बदलण्याबद्दल. ‘एलएन -एसएफ’ बहुतेक वेळा पुरतं, पण टार्गेट फोल्डर असेल तर दगा देतं. ‘चालू’ नावाची लिंक ‘आवृत्ती-१’ या फोल्डरकडे जाते आणि तुम्हाला ती ‘आवृत्ती-२’कडे वळवायची आहे. ‘एलएन -एसएफ आवृत्ती-२ चालू’ लिहिलंत तर एलएन लिंकमधून आत शिरते आणि आवृत्ती-१ च्या पोटात ‘आवृत्ती-२’ नावाची नवी लिंक बनवते. ‘चालू’ जिथल्या तिथे. एरर नाही, काही नाही. इथे ‘-एन’ जोडायचं: ‘एलएन -एसएफएन’.

अपडेट सुरू असताना कुणीतरी कमांड वापरत असेल, तर जुनी लिंक काढणं आणि नवी बनवणं यांच्यामधली फटही नको असते. तेव्हा नवी लिंक तात्पुरत्या नावाने बाजूला बनवा आणि ‘एमव्ही -टी’ने जुन्या नावावर हलवा, ग्नूच्या एमव्हीमध्ये हे टी कॅपिटल आहे. त्याच्या तळाशी असलेला ‘रीनेम’ हा सिस्टिम कॉल अखंड आहे: बघणाऱ्याला एकतर जुनी लिंक दिसते किंवा नवी, मधलं काही नाही.

फोल्डरच्या जागी लिंक किंवा लिंकच्या जागी फोल्डर, असा बदल दोन आवृत्त्यांमध्ये शक्यतो करूच नका. डेबियनचं पॅकेज बसवणारं अवजार डीपीकेजी अपडेटमध्ये असा बदल आपणहून करत नाही. त्यासाठी ‘डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर’मध्ये मुद्दाम दोन वेगळ्या सोयी ठेवाव्या लागल्या आहेत. फेडोरासारखी लिनक्स वितरणं वापरतात त्या आरपीएममध्ये तर फोल्डर हटवायला फाइली उतरण्याच्या आधीच चालणारी, ल्यूआमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट द्यावी लागते. नव्या मशिनवर सगळं सुरळीत बसतं आणि फक्त जुन्यावरून अपडेट करणाऱ्यांचं मोडतं, म्हणून हा दोष चाचणीत सापडत नाही.

पायरी ७: स्वतःच्या अंगणाबाहेरच्या लिंक्स

आतापर्यंत सगळं आपल्या फोल्डरमध्ये होतं. वापरणाऱ्याला कमांड सहज मिळावी म्हणून कधी /यूएसआर/लोकल/बिन मध्येही लिंक्स लागतात. टेक लाइव्हमध्ये ‘टीएलएमजीआर पाथ ॲड’ त्या घालतं आणि ‘पाथ रिमूव्ह’ काढतं. नवं वर्ष, नवं फोल्डर, म्हणून नव्याचं ‘ॲड’ करण्याआधी जुन्याचं ‘रिमूव्ह’ जुन्याच टीएलएमजीआरने करून घ्या. जुनं फोल्डर आधी डिलीट केलंत तर ते काम करायला कुणी उरत नाही आणि मेलेल्या लिंक्स एकेक करून शोधाव्या लागतात.

एकाच कामाच्या दोन कमांड्स असतील, जसे दोन एडिटर, तर आपली लिंक दुसऱ्याच्या लिंकवर चढवू नका. डेबियनमध्ये त्यासाठी ‘अपडेट-अल्टर्नेटिव्ह्ज’ आहे. /यूएसआर/बिन/एडिटर ही लिंक /ईटीसी/अल्टर्नेटिव्ह्ज/एडिटर कडे जाते आणि तिथून प्रत्यक्ष एडिटरकडे. मधला थांबा /ईटीसी मध्ये का? कारण निवड हा ॲडमिनचा हक्क आहे आणि ॲडमिनचे निर्णय /ईटीसी मध्ये राहतात. त्याने हाताने निवड केली असेल तर नवं पॅकेज ती बदलत नाही. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचं ‘एनेबल’ म्हणजेही लिंकच, आणि ‘मास्क’ म्हणजे /डेव्ह/नल कडे नेलेली लिंक. या लिंक्स पॅकेजने स्वतः बनवायच्या नाहीत, त्या त्या अवजाराकडून करून घ्यायच्या.

एक सापळा विशेष सांगायला हवा. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीपासून /बिन हे फोल्डरच /यूएसआर/बिन कडे जाणारी लिंक केलं. डेबियनमध्ये २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून फक्त हीच रचना चालते. तुमच्या जुन्या पॅकेजमध्ये सोयीसाठी ‘/बिन/मोज’वरून ‘/यूएसआर/बिन/मोज’कडे लिंक असेल तर आता दोन्ही एकच जागा आहेत. लिंक खऱ्या फाइलवर बसते आणि स्वतःकडेच बोट दाखवू लागते. लिनक्स ४० लिंक्सपर्यंत पाठलाग करतं आणि मग ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स’ म्हणून सोडून देतं. तोवर मूळ स्क्रिप्ट गेलेली असते. जुन्या यादीत अशी ओळ दिसली तर आजच काढा.

हटवताना लिंकच्या नावापुढे तिरकी रेष नको, हेही इथेच सांगतो. लिंक फोल्डरकडे जात असेल तर टॅब दाबल्यावर शेल ती रेष स्वतःच जोडू शकतं, आणि रेष जोडली की लिंकबद्दल नव्हे, पलीकडच्या फोल्डरबद्दल बोलणं सुरू होतं. ‘आरएम’ टाइप करून एंटर दाबण्याआधी ओळीचं शेवटचं अक्षर बघा.

रिलीझच्या आदल्या दिवशी

स्वच्छ मशिन किंवा कंटेनर घ्या, ज्यावर तुमचं बिल्ड फोल्डर कधीच नव्हतं. आधीची आवृत्ती बसवा. तिच्यावर नवी अपडेट करा. यादीतली प्रत्येक कमांड ‘--व्हर्जन’ देऊन एकदा चालवा, दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभं राहून. नंतर सगळं ट्री दुसऱ्या नावाने हलवा आणि पुन्हा चालवा. मग ते मूळ नावावर आणून अनइन्स्टॉल करा आणि /यूएसआर/लोकल/बिन मध्ये तुटलेल्या लिंक्स शोधा. आउटपुट रिकामं आलं की आर्काइव्ह वर चढवा.